खांबापासून मेखेपर्यंत

आधी मावशीचं आणि काकांचं सांगतो, मग माझं. माझं आधी सांगितलं तर ते दोघं त्यात कुठंतरी कोपऱ्यात जाऊन बसतील, आणि कोपऱ्यात बसायची त्यांना आधीच फार सवय आहे.

मावशी म्हणजे अकोल्यातल्या एका बगीच्याच्या फाटकापाशी फुलं विकणारी बाई. काका म्हणजे तिचा नवरा. माझ्या रक्ताचं यातलं कुणी नाही. माळ्याचं घर, पातूरच्या बाजूला थोडंसं वावर, त्यात झेंडू आणि शेवंती. काका फुलं तोडून आणायचे, मावशी फाटकाच्या डाव्या हाताला पोतं अंथरून हार ओवायची. माझं गाव तिथून पार लांब, बेळगावच्या अंगाला. आठवी अर्धी सोडून मी घराबाहेर पडलो. हॉटेलात कपबशा विसळल्या, गवंड्याच्या हाताखाली राहिलो, आणि एकोणिसाव्या वर्षी मंडप ठोकणाऱ्या एका टोळीबरोबर ट्रकमध्ये बसून वऱ्हाडात आलो. अकोल्यातलं काम संपता संपता मला कावीळ झाली. टोळी पुढं निघून गेली. "बरा झालास की ये," म्हणाले. कुठं ये, ते सांगितलं नाही.

मी बगीच्यातल्या बाकावर पडून होतो. मावशीनं दोन दिवस लांबून बघितलं, तिसऱ्या दिवशी येऊन समोर उभी राहिली.

"काहून रे, तुले घरदार नाई का?"

"आहे. लांब आहे."

"डोये पाह्यले का आरशात? झेंडू झाले झेंडू. ऊठ."

मी उठलो. पुढचा दीड महिना त्यांच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये, फुलांच्या पोत्यांशेजारी काढला. मावशी बिनतेलाचं वरण आणि मऊ भात द्यायची. काका उसाचा रस आणायचे आणि मी तोंड फिरवलं की म्हणायचे, "पी लेका. नाई तं तुया मायले काय सांगू मी? पत्ताबी नाई मायापाशी तिचा."

बरा झालो तेव्हा मावशीच मला शेठकडं घेऊन गेली. शेठ म्हणजे शहरातला मोठा मंडपवाला. लग्नाच्या तोरणांची फुलं तिच्याकडून जायची, तेवढी ओळख. "पोट्टा इमानदार हाये," ती म्हणाली. दीड महिन्यात तिनं माझं काय बघितलं होतं? अंथरुणावरचा माणूस इमानदारच असतो, दुसरं काय करणार तो. पण तिच्या त्या एका शब्दावर मला काम मिळालं, ते आजतागायत आहे.

शेठकडं एक म्हातारे उस्ताद होते. मूर्तिजापूरचे मुसलमान, सगळा जन्म मंडपात गेलेला. त्यांनी मला हाताला धरून शिकवलं. बघणाऱ्याला वाटतं, खांब उभे केले, वर कापड टाकलं, झाला मंडप. पण मंडपाचा खांब स्वतःच्या पायावर उभा राहत नाही. त्याच्या माथ्यापासून दोर बाहेर ओढून, सहा-सात फुटांवर जमिनीत लोखंडी मेख ठोकून तिला तो ताणून बांधावा लागतो. त्या दोराला आम्ही तणाव म्हणतो. उस्ताद सांगायचे, "खंबा सब को दिखता है बेटा, मेख किसी को नहीं दिखती. जगह नापनी हो तो मेख से नापना. नहीं तो कोई न कोई गिरेगा."

हे मला पाठ होतं. म्हणून पुढं जे झालं ते अडाणीपणातून झालं, असं मला म्हणता येत नाही. म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

चार वर्षांनी काकांना लकवा मारला. दवाखान्यातून घरी आले तेव्हा डावा हात पोटाशी मुडपलेला, डावा पाय फरफटत, तोंड एका बाजूला ओढलेलं. डॉक्टरांनी मावशीला साफ सांगितलं होतं: आता पहिल्या सहा महिन्यांत जेवढं चालतील तेवढं परत येईल, नंतर फार काही येणार नाही. आणि चालायचं ते सपाट जागेवर. त्यांच्या गल्लीत सपाट म्हणावं असं काही नव्हतं. उघड्या नाल्या, खडी, आडव्या लावलेल्या गाड्या. सपाट होता तो बगीच्यातला गोल ट्रॅक, पाच फूट रुंद, कडेनं निंबाची झाडं.

मावशीनं त्यात स्वतःची एक रीत काढली. सकाळी काकांच्या डाव्या मुठीत झेंडूची फुलं द्यायची. मूठ मिटून ठेवायची, फूल पडू द्यायचं नाही. एक फेरी पुरी झाली की कठड्याच्या गजांमधून एक फूल बाहेर बसलेल्या मावशीच्या हातात. हाताला काम, पायाला काम, आणि तिला धंदा सोडून आत जायला नको. पहिल्या आठवड्यात एक फूल आलं, तेही पार चुरगळून. मग दोन. फिरायला येणारी मंडळी विचारायला लागली, "काका, आज किती झेंडू?" काकांचं बोलणं त्या दिवसांत जिभेत अडकायचं, पण आकडा साफ यायचा. "पाच!"

ती चुरगळलेली फुलं मावशी विकायची नाही. वेगळ्या टोपलीत ठेवायची, घरी देवाला वाहायची. "देवाले चालते चुरगयलेलं," म्हणायची, "गिऱ्हाइकाले नाई चालत."

अडीच महिन्यांत काका सात झेंडूंवर आले. दहा झाले की वावरात जातो म्हणायचे. बांधावरून चालायचं तर अंगात दहा फेऱ्या पाहिजेत, असं त्यांनीच ठरवलं होतं. वावर आता शेजारी बघत होता आणि काकांच्या मते त्याला झेंडू खुडता येत नव्हता, तो देठ ओरबाडायचा.

त्याच सुमारास बगीच्यात मोठं प्रदर्शन ठरलं. गाड्या, सोफे, घरगुती गिरण्या, पापड-लोणची, पोरांचे पाळणे, संध्याकाळी गाणी. एकवीस दिवस, वर उभारणी आणि काढणी धरून महिनाभर. मंडपाचं काम शेठला मिळालं. वस्तीत दोन तट पडले. काही म्हणाले, होऊ द्या की, आपल्या शहरात असं काय येतं, बायकांच्या गटांना स्टॉल मिळतील, संध्याकाळी पोरांना घेऊन जायला एक ठिकाण होईल. सकाळी चालणारे म्हणाले, महिनाभर आमच्या म्हाताऱ्यांनी जायचं कुठं? रस्त्यावर ट्रकखाली? दोन्ही बाजूंचं मला पटायचं. जो समोर असेल त्याचं पटायचं, हा माझा जुना आजार.

शेवटी मधला मार्ग निघाला. रोज सकाळी दहापर्यंत छोटं फाटक उघडं राहील, ट्रॅक मोकळा राहील, मंडप ट्रॅकच्या आतच थांबेल. महापालिकेचे एक साहेब आणि वस्तीतर्फे एक निवृत्त मुख्याध्यापिका बाई जागेवर येऊन माप बघतील, दोघांच्या सह्या झाल्या की काम सुरू. उस्ताद तोवर गुडघ्यांमुळं घरी बसले होते. आखणी माझ्याकडं आली होती. माप मीच दाखवायचं होतं.

आदल्या दिवशी दुपारी शेठनी गोदामात बोलावलं. कागदावर बोट ठेवलं.

"ही ट्रॅककडची रांग बाहेर घे. स्टॉल वाढले."

"शेठ, मग तणाव ट्रॅकवर येतील. मेखा पार पलीकडं जातील."

"लोक माप कुठून घेते?"

मी कागदाची घडी सरळ केली.

"खांबापासून घेते ना? मंग तूबी खांबापासून दाखव. दोराचं कोणं इचारलं तुले?"

"उस्ताद म्हणायचे की..."

"उस्ताद घरी बसले. तुलेबी बसाचं का?" असं म्हणून शेठ हसले, मला चहा मागवला. ते रागावून बोलत नाहीत, हसून बोलतात.

मी चहा प्यायलो. नाही म्हणता आलं असतं. निदान, विचार करू म्हणता आलं असतं. पण माझ्या पोटात एक भीती कायमची घर करून आहे: हे काम गेलं की परत तो बाक. शिकलेल्या माणसाला एक दार बंद झालं तर दुसरं दिसतं. मला दार एकच माहीत होतं, आणि तेही दुसऱ्यानं ठोठावून उघडून दिलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले, बाई आल्या. बाईंच्या पायात कापडी बूट, हातात वही. खांबांच्या जागी मी चुन्याचे ठिपके टाकून ठेवले होते. ठिपक्यावर टेप धरला, ट्रॅकच्या कडेपर्यंत ओढला. दीड फूट. म्हणजे खांब ट्रॅकच्या दीड फूट आत, ट्रॅक अख्खा मोकळा. सगळ्या ठिपक्यांपासून तेच माप. खोटं एकही नव्हतं. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि सही केली. बाईंनी पेन उघडलं आणि थांबल्या.

"भाऊ, एवढंच ना? याच्या बाहेर ट्रॅकवर आणखी काही येणार नाही ना?"

मी चुन्याच्या ठिपक्याकडं बघत राहिलो. तेवढ्यात काका आपली फेरी घेऊन तिथवर पोचले. पाय ओढत, मूठ छातीशी. थांबले. बाईंना म्हणाले, "करा सही, बाई. आमचा पोरगा हाये. त्याच्या हातचं माप हाये ते." बोलताना लाळ ओघळली, ती त्यांनी उजव्या बाहीला पुसली.

"एवढंच, बाई," मी म्हणालो.

बाईंनी सही केली. काकांनी उजव्या हातानं डावी मूठ उघडली, एक फूल काढून माझ्या हातावर ठेवलं. "घे. हे तुया नावाचं." आणि पुढं गेले. फेऱ्या संपल्यावर कठड्याशी मावशीचा आवाज आला, "एक कमी काहून हो?" "पोराले देल्लं," काका म्हणाले. मावशी ओवता ओवता थांबली. तिनं एकदा त्या चुन्याच्या ठिपक्यांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग सुई परत देठात घातली.

ते फूल मी खिशात ठेवलं. दुपारी शर्ट काढताना पडलं.

तिसऱ्या दिवशी मेखा ठोकल्या. ट्रॅकच्या पलीकडच्या कडेला, निंबांच्या बुंध्याशी. खांबाच्या माथ्यापासून दोर तिरका उतरत ट्रॅकवरून पलीकडं गेला. आतल्या अंगाला डोक्याएवढा, बाहेरच्या अंगाला मांडीएवढा, मग गुडघ्याएवढा, मग जमिनीला. दर आठ फुटांवर एक. धडधाकट माणूस आतल्या बाजूनं वाकून, अंग चोरून जाईल. पण तिथं दीड फुटांवर खांब, आणि खांबांपुढं स्टॉलवाल्यांनी लगेच खोकी रचली, ती वाटही बंद. साहेबांची सही असलेल्या कागदात यातला एकही दोर नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी मी शिडीवर होतो, कापड ओढून बांधत होतो. छोटं फाटक उघडं होतं, ठरल्याप्रमाणं. काका आत आले. मुठीत सात झेंडू असणार. पहिल्या दोरापाशी थांबले. आधी त्यांनी दोराकडं बघितलं, मग दोर जिथं जातो तिकडं, मेखेकडं, मग पुढच्या दोराकडं, त्याच्या पुढच्याकडं. मग वाकायचा प्रयत्न केला. डावी बाजू वाकेना. पाय उचलून पलीकडं टाकायला बघितला. डावा पाय जमिनीपासून वीतभर सुटला आणि परत टेकला. त्यांनी उजव्या हातानं दोर धरला, तोल सावरला. दोर हलला तसा माझ्या हातातला खांब थरथरला.

मी खाली उतरलो नाही. हे लिहायलाच बसलो होतो, तर लिहितो. शिडीला अकरा पायऱ्या होत्या. उतरून, हात धरून, मी त्यांना एकेका दोराखालून नेऊ शकलो असतो. मी तोंड कापडाकडं केलं आणि गाठ मारत राहिलो, जी आधीच मारून झाली होती.

काका वळले. कठड्याशी गेले. गजांमधून त्यांनी सगळी फुलं एकदम मावशीच्या ओंजळीत टाकली. एकही चुरगळलं नव्हतं.

"काहून? पाय दुखला का?"

"काम चालू हाये मंडपाचं," काका म्हणाले. "होईन दोन दिवसानं रस्ता."

दोन दिवसांनी झाला नाही. त्यानंतर काका मावशीशेजारी स्टुलावर बसायला लागले. मुठीत एक झेंडू, तेवढाच.

बाई त्याच दिवशी आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "तुमच्या शब्दावर मी सही केली, भाऊ."

"बाई, खांबापासून माप बरोबर आहे. बघा तुम्ही."

"बघितलं," त्या म्हणाल्या. एवढंच. मुख्याध्यापिका असताना त्यांनी खोटं बोलणारी शेकडो पोरं बघितली असतील. मी त्यांतलं आणखी एक.

मग चालणाऱ्या मंडळींनी तक्रार लिहिली. त्यात काकांचं नाव वर हवं होतं, कारण सगळ्यांत जास्त अडलं होतं ते त्यांचंच. मंडळी कागद घेऊन मावशीपुढं उभी राहिली. मी फाटकाच्या कमानीला तोरण बांधत होतो. ते तोरण मावशीकडचंच. मीच शेठना सांगून एकवीस दिवसांची रोजची तोरणं तिच्याकडून घ्यायला लावली होती. आपण तिच्यासाठी काहीतरी करतोय असं मला वाटत होतं. आता त्या तोरणाच्या मागून मी ऐकत होतो.

"आमाले काई तरास नाई," मावशी म्हणाली.

"अहो, काका स्टुलावर बसून राहिले आणि तुम्ही म्हणता तरास नाई?"

"त्याईचा पाय दुखते. मंडपाचा काय संबंध?"

मंडळीतला एक जण काकांकडं वळून म्हणाला, "काका, तुमच्या त्या पोराले सांगजा, आमच्या घराचं माप घ्याले येऊ नोको म्हणा. अंगणातून आत याचं तं पोटावर सरकत या लागन." सगळे हसले. काकाही हसले, वाकड्या तोंडानं. कागद काकांच्या नावाशिवाय गेला, आणि गेला तसा कुठंतरी पडून राहिला.

मंडळी गेल्यावर मावशीनं वर बघितलं. मला वाटलं, आता बोलेल.

"जेवला का तू?"

"हो."

"खोटं नोको बोलू. डबा हाये, खाऊन घे."

मी खाल्लं. डबा धुऊन तिच्या पोत्यावर ठेवला.

प्रदर्शन चांगलं झालं, हेही सांगायला पाहिजे. संध्याकाळी माणसांची रीघ, पोरं खूश, मावशीचे गजरे दिवेलागणीलाच संपायचे. गटाच्या बाया शेवटच्या दिवशी एकमेकींचे फोटो काढत होत्या. वाईट काही त्या प्रदर्शनात नव्हतं. वाईट होतं ते ट्रॅकच्या त्या पाच फुटांत.

काढणी झाली. ट्रॅकच्या कडेला मेखांची भोकं राहिली, ती मी स्वतः माती भरून बुजवली. काका परत चालायला लागले, दोन झेंडू, तीन झेंडू. तिथंच थांबले. डॉक्टर म्हणाले, मधे फार दिवस गेले. आणखी चालले असते तर दहा झाले असते का? कुणी सांगू शकत नाही. मी स्वतःला हे फार वेळा सांगून बघितलं आहे. सात होते आणि तीन झाले, एवढं मात्र मला मोजता येतं.

शेठचं एक गोदाम अमरावतीला आहे. मी स्वतःहून मागून तिकडं बदली घेतली. मावशीला सांगितलं, तिकडं काम जास्त आहे. "जा बापा," ती म्हणाली, "पोहोचला की फोन करजो." काका फाटकापर्यंत आले. तीन झेंडूंच्या हिशेबात फाटक बसत होतं.

अमरावतीत मागल्या हिवाळ्यात असंच एक प्रदर्शन आलं. बगीचा, ट्रॅक, सकाळची मंडळी, सगळं तसंच. यावेळी मी आखणीच्या आधी मेखा ठोकल्या आणि लोकांपुढं मेखेपासून टेप धरला. माप अर्थातच ट्रॅकवर गेलं. लोक ओरडले, शेठ फोनवर हसले, "तुले आताच सत्य सुचलं का बे?" मी म्हणालो, ट्रॅककडच्या रांगेला दोर नको, लोखंडी चौकटीला पाण्यानं भरलेले ड्रम बांधू, वजनानं उभी राहील. एक दिवस जास्त लागेल, एक ट्रक जास्त लागेल. शेठ हो-नाही करत हो म्हणाले. ड्रम लागले. सकाळी म्हातारी माणसं चालली, संध्याकाळी प्रदर्शन भरलं. कुणाचंच काही अडलं नाही.

सगळे खूश होते आणि मी ड्रमच्या मागं जाऊन बसलो. कारण हे ड्रम अकोल्याच्या गोदामात तेव्हाही होते. भिंतीला लावून उभे होते. बाईंनी विचारलं तेव्हा मी नुसतं खरं सांगितलं असतं, तर कुणालातरी ते आठवले असते. मलाच आठवले असते. मी "एवढंच" म्हणालो आणि पुढं विचार करायची कुणाला गरजच ठेवली नाही.

त्यानंतरच्या रविवारी अकोल्याला गेलो. मावशी फाटकाशी होती, काका घरी. मी पोत्यावर तिच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं: शेठ, चुना, टेप, शिडी. ती हार ओवत राहिली.

"मले त्याच दिवशी समजलं होतं," ती म्हणाली.

"कसं?"

"तीस वरसं झाले हार ओवून राहिली मी. दोन हाताचा हार म्हणतो आमी, तं दोरा अडीच हात घ्या लागते. गाठी कायनं माराच्या मंग? तू फुलापर्यंतच मोजून दाखोलं. मले वाटलं, आता सांगन दोऱ्याचं, आता सांगन."

"मग तू का नाही बोललीस?"

"काय बोलू? बाईपुढं म्हणू का पोट्टा लबाड हाये म्हणून? इमानदार हाये म्हणून मीच तं सांगतलं होतं शेठले." मग दोरा ओढत, "अन् तुये काकाबी बोलून बसले होते ना. आमचा पोरगा हाये म्हणून."

मी विचारलं, काकांना माहीत आहे का. तिनं आत ट्रॅककडं हनुवटीनं खूण केली. मंडळी नेहमीच्या बाकावर बसली होती. "तथी बसत नाई आता ते," ती म्हणाली. "तीन फेऱ्या करते अन् त्या कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसते. कोणी इचारत नाई किती झेंडू म्हणून. बाई नमस्कार करते, अन् पुढं जाते. वाईट नाई वागत कोणी. पण त्याईच्या शब्दाले आता कोणी थांबत नाई."

पाय मी परत देऊ शकत नाही. ते डॉक्टरच्या हातात नाही, माझ्या कुठून असणार. पण हे दुसरं जे गेलं, त्यांच्या शब्दाचं वजन, ते मी घेतलं आहे, आणि ते माझ्याजवळच आहे. त्या रविवारी बाई दहा पावलांवरून गेल्या. मी उठलो नाही. शेठचं नाव निघेल, काम जाईल, परत बाक. तीच भीती, इतक्या वर्षांची, तशीच. मी डबा खाल्ला, परतीची गाडी धरली.

काका, हे तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवेल, बहुतेक मावशीच एकेक अक्षर लावून. मी येणार आहे. मंडळी बाकावर असताना, सकाळी, सगळ्यांदेखत येईन. टेप आणीन, त्याच जागी मेख ठोकीन आणि बाईंसमोर मेखेपासून माप धरीन. सांगेन की त्या दिवशी काका खरं बोलले होते, माप माझ्याच हातचं होतं, खोटा मी होतो. मग तुमच्या मुठीत जितके झेंडू असतील तितक्या फेऱ्या तुमच्या डाव्या अंगाला चालेन, आणि शेवटचं फूल कठड्यातून मी देईन. कधी, ते आज लिहीत नाही, कारण आजवर मी बोललेल्या मापांचं काय झालं ते तुम्ही बघितलं आहे. पण मावशी, तुझा तो शेठपुढचा शब्द अजून माझ्यावर उधार आहे. तो मी एक दिवस खरा करून तुझ्या हातात देईन.